४२ हजारांचे लेदर बूट आणि मुळशीचा चिखल

प्रश्न थोडक्यात असा आलाय. पुण्याजवळ मुळशीत, पौडच्या पुढे वीस गुंठे जमीन घेतलीये, शनिवार-रविवार तिकडे जाणं असतं, महिन्यातून एखादा गड, आणि एरवी रोज सकाळी वेताळ टेकडी. कंपनीच्या कामानं इंग्लंडला असताना तिकडच्या लोकांच्या पायात ते पोटरीभर उंचीचे लेदरचे कंट्री बूट बघितले आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीयेत. इथे मागवले तर सगळं धरून ४२ हजार पडतायत. बायको म्हणते डोकं फिरलंय का. तर घ्यावेत का? आणि जाता जाता अजून एक, सासऱ्यांचे जुने आर्मीचे बूट माळ्यावर पडलेत, त्यांचं काय करायचं.

आधी माझ्याबद्दल दोन शब्द, म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. आजोबांचा चपला-बूट शिवायचा गटई स्टॉल होता, वडिलांनी पेठेत गाळा घेतला, आणि मी गेली तेवीस वर्षं त्याच गाळ्यात बूट दुरुस्त करतोय. चामडं कापायची रापी आणि शिवायची आरी दहावीच्या सुट्टीत हातात आली ती अजून सुटली नाहीये. मी बूट विकत नाही, त्यामुळे तुम्ही घेतले काय नि नाही घेतले काय मला एक रुपया मिळत नाही. माझ्याकडे बूट येतात ते शेवटच्या घटका मोजायला लागल्यावर, आणि मग सोल उचकटून आत बघितलं की कळतं हा कशानं गेला, पाण्यानं गेला का कपाटात गेला का मुळातच फसवणूक होती. शिवाय मी स्वतः गड चढतो, त्यामुळे दुसऱ्या बाजूनंही माहितीये.

तर वहिनींचं बरोबर आहे, पण सगळं नाही. लेदरचा चांगला बूट आपल्याकडे बाहेर वापरायला फालतू खर्च आहे असं मी म्हणणार नाही. पण तुम्ही ज्या बुटाच्या प्रेमात पडलायत तो बूट, आणि तुम्ही ज्या जागी तो घालणार आहात ती जागा, यांचं जमणार नाही, निदान जून ते सप्टेंबर तरी अजिबात नाही.

का, ते सांगतो. हे बूट आले कुठून ते बघा. यातलं एक प्रसिद्ध नाव म्हणजे आयर्लंडची डबॅरी, गॉलवे काउंटीतल्या बॅलिनस्लो गावात १९३७ साली सुरू झालेली. तिकडचं हवामान म्हणजे बारा महिने गार, भुरभुर पाऊस, सतत ओलं गवत. कुत्रा फिरवायचा, घोड्यांच्या शर्यतीला जायचं, कुंपणापर्यंत चक्कर मारायची. गवतावरचं दव आणि थोडाफार चिखल बुटाला लागतो, संध्याकाळी घरी येऊन ओल्या फडक्यानं पुसला की झालं. बाहेर दहा-बारा डिग्री, आत पाय गरम. त्या कामाला तो बूट अप्रतिम आहे, मी एक जोडी हातात घेऊन बघितलीये, टाके असे एकसारखे की आपण मान डोलवावी. पण तिकडचा शेतकरी गोठ्यात शेण काढायला उतरतो ना, तेव्हा तो हा बूट घालत नाही, तो रबरी बूट घालतो. हे कुणी सांगत नाही.

रबरी बुटावरून एक गंमत आठवली. गमबुटाला इंग्लंडात वेलिंग्टन म्हणतात, ते ज्याच्या नावावरून म्हणतात तो ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणजे आपला आर्थर वेलस्ली. आपला म्हणजे काय, १८०३ च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या बाजीरावाला परत गादीवर बसवायला फौज घेऊन पुण्यात आला होता तोच, मग ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला घेतला आणि सप्टेंबरात असईची लढाई. पुढे तो तिकडे मोठा माणूस झाला आणि त्यानं आपल्या मोच्याकडून जो बूट करून घेतला त्याला त्याचं नाव पडलं. पण तो बूट लेदरचा होता! रबराचे बूट आले नंतर, १८५० च्या दशकात फ्रान्समध्ये हायरम हचिन्सननं सुरू केले, गुडइयरची रबर पक्कं करायची पद्धत वापरून. आणि ते आले तसं शेतावरच्या माणसानं लेदर सोडून रबर घातलं, कारण चिखलात लेदरचं काही खरं नाही हे त्याला दीडशे वर्षांपूर्वीच कळलं होतं.

आता आपला पावसाळा. पुणे शहरात वर्षाला साधारण सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस, तो फार नाही. पण तुम्ही पौडच्या पुढे गेलात की दर दहा किलोमीटरला पाऊस वाढत जातो आणि ताम्हिणीला पोचेपर्यंत तो शहराच्या कित्येक पट होतो. २०२४ च्या जुलैमध्ये ताम्हिणीत एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटर पडला होता, म्हणजे पुण्याला वर्षात मिळतो त्याचा मोठा हिस्सा चोवीस तासांत. तिथे बूट वॉटरप्रूफ आहे का हा प्रश्नच उरत नाही, पाणी वरून, गुडघ्यावरून, पँटमधून ओघळून बुटात शिरतं. आणि बूट खरंच वॉटरप्रूफ असेल तर अजून वाईट, कारण शिरलेलं पाणी बाहेर जात नाही, तुम्ही पायात दोन बादल्या घेऊन फिरताय.

दुकानदार म्हणेल की आत गोअरटेक्सचं अस्तर आहे, श्वास घेतं. खोटं नाहीये ते. ते काय असतं तर टेफ्लॉनच्या जातीचं प्लास्टिक ताणून केलेली पातळ पडदी, १९६९ मध्ये बॉब गोअर नावाच्या माणसानं काढलेली, तिची भोकं इतकी बारीक की पाण्याचा थेंब आत येत नाही पण घामाची वाफ बाहेर जाते. पण वाफ आपोआप जात नाही, तिला ढकलायला आत-बाहेर फरक लागतो, आत दमट आणि बाहेर कोरडं-गार. आयर्लंडात तो फरक मिळतो. मुळशीत जुलैमध्ये बाहेरच हवा इतकी ओली की दोरीवरचा टॉवेल चार दिवस वाळत नाही, तर तुमच्या पायाची वाफ कुठे जाणार हो? वर बाहेरचं लेदर पाणी पिऊन जड झालेलं असतं, म्हणजे राहिलेला रस्ताही बंद. संध्याकाळी बूट काढला की मोजा पिळावा लागतो आणि लोक माझ्याकडे घेऊन येतात की लीक होतोय. मी त्यांना सांगतो की घरी बादलीत घोट्यापर्यंत पाणी घ्या, बुटात कोरडा पेपर कोंबा, बूट हातानं दाबून पंधरा मिनिटं धरा आणि पेपर काढून बघा. बहुतेक वेळा पेपर कोरडा निघतो. तो घामच होता.

आणि खरंच फाटलं असेल, म्हणजे बोटं जिथे मुडपतात तिथे ती पडदी घासून घासून काही वर्षांत जाते, तर माझ्याकडे त्याला औषध नाही. कुणाकडेच नाही. सोल बदलता येतो, चेन बदलता येते, आतली पडदी बदलता येत नाही. म्हणून बुटाच्या किमतीतले बरेच पैसे ज्या गोष्टीचे आहेत तीच सगळ्यात आधी मरते हे लक्षात ठेवा.

शेतीच्या कामाला म्हणाल तर बोहरी आळीत जा, काळे गमबूट पाचशे ते नऊशेपर्यंत मिळतील, एक नंबर मोठा घ्या, आत जाड मोजा घाला. एवढंच. चिखल, शेणखत, पाटाचं पाणी, काही विचार करायला नको, नळाखाली धरला की स्वच्छ. भाताच्या खाचरात मात्र गमबूटही घालू नका, बूट चिखलात राहतो आणि पाय बाहेर येतो आणि तुम्ही तोंडावर पडता, तिथे लावणीवाल्या बायकांना विचारा, त्या हसतील. आणि एक गोष्ट गंभीरपणे सांगतो, आंब्यावर किंवा भाजीवर औषध फवारणार असाल तर लेदरचा बूट चुकूनही घालू नका. लेदर ते औषध पितं आणि मग ते धुऊन निघत नाही, प्रत्येक वेळी घाम आला की थोडं थोडं पायाला लागत राहतं. रबर धुता येतं. गोठ्याचंही तेच, गोमूत्रातला अमोनिया टाके आणि लेदर दोन्ही खातो. माझ्याकडे एका डेअरीवाल्यांचे बूट आले होते, वरून ठणठणीत, शिलाई बोटानं ओढली तर भिजलेल्या सुतळीसारखी हातात आली.

एवढं सगळं वाईट बोलून झालं, आता लेदरची बाजू. दसरा झाला की चित्र बदलतं. मुळशी-मावळात पावसाळ्यातलं गवत कमरेइतकं वाढलेलं असतं, ते वाळतं आणि त्याला कुसळं येतात. ज्यानं ऑक्टोबर-नोव्हेंबरात जाळीचे स्पोर्ट शूज घालून ते गवत तुडवलंय त्याला मी वेगळं सांगायला नको. ती कुसळं जाळीतून घुसतात, मोज्यात वळवळत आत जातात, मग घरी बसून एकेक उपटा, आणि मोजा धुतला तरी दोन राहतातच जी नेमकी ऑफिसात टोचतात. लेदरला कुसळ चिकटत नाही. हात फिरवला की झालं. मी एवढ्या एका गोष्टीसाठी लेदर घालतो म्हटलं तरी चालेल.

मग बाभळीचा काटा. हलक्या शूजचा तो फोमसारखा सोल असतो ना, इव्हीए म्हणतात, त्यातून बाभळीचा काटा लोण्यात सुरी गेल्यासारखा जातो, मी सोलमधून दोन-दोन इंचाचे काटे पकडीनं उपटलेत. जाड रबर आणि वर लेदरचा इनसोल असेल तर तो आत पोचत नाही. आणि साप. तुमच्याकडे घोणस आहे, फुरसं आहे, गवत कापताना आणि दगड हलवताना पाय तिथेच असतो. साप बहुतेक वेळा पायालाच, घोट्याच्या आसपास चावतो. दोन-सव्वादोन मिलिमीटरचं जाड लेदर घोट्याच्या वर असलं तर फरक पडतो. चिलखत नाहीये ते, घोणसचे दात लांब असतात, तेव्हा हात घालण्याआधी काठी आपटायची ती आपटायचीच. उन्हाळ्यात तापलेल्या मुरमावर, नांगरलेल्या ढेकळांत, कुंपणाची तार ओढताना, या सगळ्याला लेदरचा बूट पायाला जी साथ देतो ती दुसरं काही देत नाही. आठ महिने तो राजा आहे.

पण त्यासाठी पोटरीपर्यंतचा, अस्तरवाला, ४२ हजारांचा कशाला? उलट आपल्या एप्रिलमध्ये तो उंच बूट म्हणजे भट्टी. घोट्याच्या वर चार बोटं, अस्तर लेदरचंच किंवा नाहीच, लेस बांधायचा, शिलाईचा सोल. असा बूट आपल्या देशात बनतो, चेन्नई, आंबूर, राणीपेट, आग्रा, कानपूर हा सगळा पट्टा जगाला बूट बनवून पुरवतो. दहा ते पंधरा हजारांत तुम्हाला असा बूट मिळतो की त्याचं अप्पर, म्हणजे सोलच्या वरचा चामड्याचा भाग, परदेशी दुप्पट किमतीच्या बुटाच्या तोडीस तोड असतं. बाहेरून मागवता तेव्हा तुम्ही बूट कमी आणि टॅक्स जास्त घेता, आधी कस्टम ड्युटी, वर १८ टक्के जीएसटी, वर कुरियर. आणि माप चुकलं तर परत पाठवायचं कसं?

मापाचं बोलायलाच पाहिजे. पाय लांबीला मोजून बूट मागवणारे लोक माझ्या धंद्याचे मोठे आधारस्तंभ आहेत. ब्रिटिश नंबरमध्ये एका नंबरचा फरक म्हणजे इंचाचा तिसरा भाग, आणि तो फक्त लांबीचा. रुंदीचं काय? बूट ज्या फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर, ओढून बनवतात तो फर्मा तिकडच्या पायाचा, निमुळता. आपले पाय पुढून पसरट, चपला घालून वाढलेले. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं २०२१ च्या डिसेंबरपासून २०२२ च्या मार्चपर्यंत देशभरातल्या लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले, त्यातून हेच निघालं की आपला पाय युरोप-अमेरिकेच्या पायापेक्षा रुंद आहे, आणि आता त्यावरून भारतीय मापाची पद्धत येऊ घातलीये, तिचं नाव ठेवलंय भा, भारतमधला भा. तोवर लोक काय करतात तर रुंदीला बसत नाही म्हणून एक नंबर मोठा घेतात, मग टाच आत वर-खाली होते आणि बूट चावतो. मऊ शूज चावले तर दोन दिवसांत जमतं, जाड लेदरचा बूट चावायला लागला की महिनाभर चावतो. दुकानात जा, संध्याकाळी जा कारण तोपर्यंत पाय फुगलेला असतो, जो मोजा घालणार तोच घेऊन जा, उभं राहून, जमलं तर जिन्यावरून उतरून बघा. उतरताना बोट पुढे आपटलं तर तो बूट तुमचा नाही, कितीही आवडला तरी. आणि त्या उंच बुटांत पोटरीचा घेर हा अजून एक तमाशा आहे, सायकल चालवणाऱ्यांच्या पोटऱ्या त्यात मावत नाहीत आणि दिवसभराच्या घामानंतर तो ओढून काढायला घरातलं दुसरं माणूस लागतं. वहिनी ते करतील का ते तुम्ही बघा.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी मी हे एवढं लिहितोय. बूट महाग आहे का स्वस्त हे किमतीवर नाही, सोल कसा लावलाय त्यावर ठरतं.

२०१९ मधली गोष्ट, कोथरूडचे एक काका आले होते. मुलानं परदेशातून आणलेले भारी लेदरचे बूट, जपून वापरायचे म्हणून सहा वर्षं खोक्यात माळ्यावर. पेन्शन सुरू झाल्यावर ग्रुपबरोबर राजगडला निघाले, गुंजवण्यातून चढायला लागले, चोरदरवाज्याच्या खालच्या चढावर उजव्या पायाचा सोल टाचेकडून सुटला. काकांनी रुमालानं बांधला. दहा मिनिटांत डावा. खाली आले ते एका पायाला मोबाईलच्या चार्जरची वायर गुंडाळून. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर बूट ठेवला आणि म्हणाले जरा सोल्युशन लावून दे रे. मी मधला थर अंगठ्यानं दाबला तर तो चुरला, जुन्या गादीतला फोम चुरतो तसा, पिवळट, चिकट, टेबलभर पसरला. वरचं लेदर नवंकोरं, खालचं रबर नवंकोरं, मधलंच गायब. काका माझ्याकडे असे बघत होते की मीच काहीतरी केलं.

हा मधला थर पॉलियुरेथेनचा असतो, पीयू म्हणतात. हलका, मऊ, चालायला छान, पण हवेतली ओल त्याची साखळी हळूहळू तोडते. वापरला काय, नाही वापरला काय, पाच-सात वर्षांत तो जातो, आणि दमट हवेत न वापरता बंद खोक्यात ठेवला तर अजूनच लवकर, कारण चालताना तो दाबला-सोडला जातो तेव्हा आतली ओल तरी बाहेर पडते. भोसरी-चाकणला कंपनीत सेफ्टी शूज घालणाऱ्या कुणालाही विचारा, स्टोअरमध्ये पडून राहिलेली जोडी कशी पहिल्याच दिवशी सोल सोडते. महागड्या बुटातही हाच पीयू असू शकतो. किंमत बघून ओलीला दया येत नाही.

याच्या उलट शिलाईचा बूट, गुडइयर वेल्ट. अप्परच्या कडेला चामड्याची एक पट्टी फिरते तिला वेल्ट म्हणतात, ती अप्पर आणि इनसोलला आतून शिवलेली, आणि खालचा सोल फक्त त्या पट्टीला शिवलेला. सोल झिजला की मी बाहेरची शिलाई कापतो, सोल काढतो, मधे कॉर्कची भर असते ती बदलतो, नवा सोल बसवतो, अप्परला हातही लागत नाही. माझ्याकडे याचे अडीच हजार पडतात आणि एकाच बुटाचे मी तीनदा सोल बदललेत, बूट अजून चालू आहे.

पण बाजारात नकली वेल्ट भरपूर आहेत. कडेला पट्टी दिसते, तिच्यावर टाकेही दिसतात, आणि खाली सगळं सोल्युशननं चिकटवलेलं. ओळखायचं कसं, तर वरच्या पट्टीवरचे टाके मोजा आणि बूट उलटा करून खालच्या बाजूला तेवढेच टाके किंवा त्यांची खाच दिसते का बघा. काही सोलमध्ये ती खाच झाकलेली असते, तेव्हा दुकानदाराला सरळ विचारा की सोल बदलून मिळेल का. तो इकडेतिकडे बघायला लागला की समजा. पट्टी नखानं दाबा, प्लास्टिकची असेल तर नख घसरतं, चामड्याची असेल तर खूण उमटते. अप्परवर अंगठा दाबून सरकवा, खऱ्या फुल ग्रेन लेदरवर, म्हणजे चामड्याच्या न घासलेल्या वरच्या थरावर, बारीक बारीक सुरकुत्या पडतात आणि सोडल्यावर जातात, वरून प्लास्टिकचा थर मारलेला असेल तर एकच जाड घडी पडते. लेबलवर नुसतं जेन्युइन लेदर लिहिलंय याचा अर्थ चांगलं लेदर असा नाही, त्यात खालच्या थराचं, वरून रंगवलेलं लेदरही येतं.

लेदर क्रोम टॅनिंगचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं घ्या. आपल्या कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, सुंदर असतं, पण ते पाणी पितं, म्हणूनच कोल्हापुरी पावसाळ्यात कुणी घालत नाही. बाहेर रानात वापरायच्या बुटाला क्रोमचं तेल पाजलेलं लेदर बरं, ऑइल पुलअप म्हणतात, वाकवलं की रंग फिका होतो ते. ओरखडा पडला तर बोटानं चोळला की जातो.

गडांबद्दल लवकर संपवतो. पोटरीपर्यंतचे बूट घालून गड चढायचा नाही, घोटा वळत नाही. पावसाळ्यात आपल्या काळ्या कातळावर शेवाळ असतं, तिथे लेदर का कापड हा प्रश्नच नाही, रबर किती मऊ आणि खाचा कशा एवढंच. सोलखाली व्हायब्रमचा पिवळा शिक्का असला म्हणून भुलू नका, कंपनी दर्जेदारच आहे, विताले ब्रामानी नावाच्या इटालियन गिर्यारोहकानं आपले सहा साथीदार डोंगरात दगावल्यावर १९३७ मध्ये तो खाचांचा रबरी सोल आणला, पण तिची रबरं अनेक आहेत, काही टिकायला कडक असतात आणि कडक रबर ओल्या दगडावर घसरतं. आपल्याकडची जुनी मंडळी हजार-बाराशेचे अॅक्शन ट्रेकिंग किंवा हिरवे हंटर शूज घालून अख्खा सह्याद्री पालथा घालतात, पाणी शिरतं आणि निघूनही जातं, त्यात मला काही चूक दिसत नाही. मीही पावसाळ्यात तेच घालतो.

हिशोब करून बघा. लेदर तुम्ही साधारण आठ महिने, आठवड्याला दोन दिवस घालणार, म्हणजे वर्षाला साठ-सत्तर वेळा. १२ हजारांचा शिलाईचा बूट, मधे दोनदा सोल बदलला तर १७ हजार, दहा वर्षं आरामात, दर वेळेला पंचवीस-सत्तावीस रुपये. त्यात गमबूट दर तीन वर्षांनी एक जोडी आणि पावसाळी ट्रेकला वेगळे शूज, तरी दहा वर्षांचं सगळं मिळून तुमच्या त्या एका जोडीपर्यंत पोचत नाही. ४२ हजारांचा बूट मी कुणाला घे म्हणेन? जो वर्षातले तीन-चार महिने गार देशात काढतो, किंवा रोज घोडा चालवतो, किंवा ज्याला तो नुसता आवडलाय आणि पैसे अडलेले नाहीत. शेवटचं कारणही चालतं मला, लोक घड्याळावर लाख घालतात, पण मग शेताचं निमित्त सांगू नका.

सांभाळायचं कसं हेही विचाराल. आपल्याकडे लेदरचा शत्रू चिखल नाही, बुरशी आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात बूट ब्रशनं साफ करा, ओल्या फडक्यानं पुसा, दोन दिवस सावलीत वाळवा, मेणाचं ड्रेसिंग हलक्या हातानं चोळा, आत पेपरचे बोळे, आणि कापडी पिशवीत घालून उघड्या शेल्फवर ठेवा. खोक्यात नाही, प्लास्टिकच्या पिशवीत तर नाहीच नाही. पंधरा दिवसांनी एकदा बाहेर काढून हवा दाखवा. पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नका, बाहेर गॅलरीत नेऊन कोरड्या फडक्यानं पुसा, मग थोडं व्हिनेगर-पाणी, मग वाळवा. खोबरेल तेल लावू नका, आज्जीनं सांगितलं तरी लावू नका, लेदर ढिलं पडतं आणि बुरशीला मेजवानी मिळते. भिजला तर इनसोल काढून पेपर कोंबा, दर दोन तासांनी पेपर बदला. गॅसजवळ, हीटरसमोर किंवा बाईकच्या सायलेन्सरला टेकवून वाळवलेले बूट माझ्याकडे येतात ते पापडासारखे, ओलं चामडं तापलं की आकसतं आणि मग ते परत येत नाही.

आता सासऱ्यांचे बूट. मला यातच जास्त रस आहे खरं तर. ते काळे, जाडजूड, घोट्याच्या वर जाणारे डीएमएस (डायरेक्ट मोल्डेड सोल) असतील, तर त्यांचा सोल पीयूचा नसतो, रबर थेट अप्परवर साच्यात तापवून बसवलेलं असतं. रबर वयानं कडक होतं पण त्या काकांच्या बुटासारखा भुगा होत नाही. माळ्यावरून काढा, सोल दोन्ही हातांनी वाकवा. तडे गेले नसतील आणि कडेनं सुटला नसेल तर बूट जिवंत आहे. लेदर कडक झालं असेल तर एकदम घालू नका, फुटेल. आठवडाभर रोज रात्री थोडं थोडं कंडिशनर चोळा, जिभेच्या घडीत आणि बोटांच्या वर जरा जास्त, लेस नवीन टाका. इनसोल काढून फेका आणि नवीन घाला, तीस वर्षांचा घाम तुमचा नाहीये. मापाला बसले तर या दिवाळीनंतर कुसळांच्या दिवसांत तेच घालून शेतावर जा आणि फेब्रुवारीत मला सांगा अजून बूट लागतायत का. नाही बसले तर सासऱ्यांना न विचारता टाकू नका, घेऊन या, मी फर्म्यावर चढवून अर्धा नंबर तरी मोकळे करून देतो.